पिकवलेलं हँडल

महावीर मगदूमच्या गॅरेजमधून गेलेली गाडी पासिंगला नापास झाली, असं कोल्हापुरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. साध्या गाड्यांचं काय कौतुक? त्या कुणाकडूनही पास होतात. पण स्पोर्ट्स बाईक म्हणजे पासिंगवाल्यांच्या दृष्टीनं व्रात्य कार्टं. मालकानं सायलेन्सर बदललेला, आरसे काढून माळ्यावर टाकलेले, मागचं मडगार्ड कापलेलं आणि हँडल खाली उतरवून असं बसवलेलं की चालवणारा टाकीवर पोट टेकून झोपलाय असं वाटावं. दुचाकींची तपासणी दरवर्षी सक्तीची झाली तेव्हा अशा गाड्यांचे मालक रडकुंडीला आले. मग कुणीतरी त्यांना सांगायचं, "उद्यमनगरात जावा, मगदूम अण्णांकडं. एकदा त्यांचा हात लागला की गाडी पास."

युक्ती तशी जुनीच होती. अण्णांच्या वडिलांपासून गॅरेजात एक 'पासिंगचा सेट' असायचा. कंपनीचा सायलेन्सर, आरसे, मडगार्ड, कंपनीचं सरळ हँडल. तपासणीच्या दिवशी सकाळी हे सगळं गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढवायचं, संध्याकाळी काढून घ्यायचं आणि गाडी पुन्हा होती तशी करून द्यायची. मुलगी बघायला जाताना मित्राचा चांगला सदरा अंगात घालतात, त्यातलाच हा प्रकार. यात काही वावगं आहे असं महावीरच्या मनात कधी आलं नाही, कारण गाडीचे ब्रेक, चेन, टायर तो स्वतः डोळ्यांत तेल घालून तपासायचा. वाईट गाडी त्यानं कधी पास करून दिली नाही. फक्त सजवून दिली.

अडचण आली ती हातवाचनामुळं.

पोलादाच्या पोटात अतिसूक्ष्म चुंबकी कप्पे असतात. पोलादाला ताण बसला, धक्का बसला, ते सतत थरथरत राहिलं की या कप्प्यांची मांडणी जराशी बदलते आणि ती बदललेली मांडणी तशीच राहते. बाहेरून हळूहळू चुंबकी क्षेत्र फिरवलं की हे कप्पे एकेक करून उलटतात आणि उलटताना बारीक कडकड करतात. ही कडकड ऐकून धातूला कुठं तडा जाणार हे सांगता येतं, एवढं शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. तपासणी केंद्रांवर ही यंत्रं आली ती त्याच कामासाठी. पण यंत्रं जसजशी तल्लख होत गेली, तसा हँडलच्या नळीतून एक वेगळाच आवाज निघायला लागला. इंजिनाची थरथर वजा केली, रस्त्याचे खड्डे वजा केले, तरी काहीतरी शिल्लक उरायचं. तो होता चालवणाऱ्याचा हात. निरोगी माणसाचा हातही जरा थरथरतो, पण ती थरथर जलद आणि बारीक असते. काही आजारांत ती संथ आणि जाड होते, आणि माणसाला स्वतःला जाणवायच्या कितीतरी आधी होते. वर्षभर मुठीत धरलेल्या हँडलला ते कळलेलं असतं.

मग नियम झाला. पासिंगला गाडीबरोबर हातही वाचायचा. थरथर संशयास्पद निघाली तर डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत गाडी अडकवायची. हाताची नोंद साठवून ठेवायला कायद्यानं बंदी होती. यंत्र वाचायचं, निकाल सांगायचं आणि विसरून जायचं. या हातवाचनानं कितीतरी लोकांचे आजार वेळेवर पकडले, लोकांचे प्राण वाचले. पण स्पोर्ट्स बाईकवाल्यांना त्याचं काय! हँडल बदललेलं दिसलं की गाडी नापास, आणि सेटमधलं कोरं हँडल लावलं तर यंत्र म्हणायचं, याच्यावर हातच नाही, परत या.

महावीरनं यावर तोड काढली. वेगवेगळ्या कंपन्यांची हँडलं तो आळीपाळीनं स्वतःच्या गाडीवर चढवून महिनोन् महिने फिरवायला लागला. त्याचा हात कसा? चालू इंजिनावर चहानं भरलेला कप ठेवावा आणि थेंब सांडू नये, असं ट्यूनिंग करणारा. असं फिरवून झालेल्या हँडलला गॅरेजात 'पिकवलेलं हँडल' म्हणायचे. पिकवलेलं हँडल लावलं की यंत्र मुकाट्यानं हिरवा दिवा दाखवायचं. जिल्ह्यात सगळ्यात निरोगी हात कुणाचे, तर स्पोर्ट्स बाईकवाल्यांचे, असं केंद्रावरची माणसं कौतुकानं म्हणायची. अण्णा मिशीत हसायचे.

त्यांच्या मुलीची, चंदनाची गाडीही त्यातलीच. लाल रंगाची, बुटकी, गुरगुरणारी. नोकरी लागल्यावर तिनं ती घेतली आणि वाढदिवसाला अण्णांनी तिला खाली उतरणारं पोलादी हँडल स्वतःच्या हातानं बसवून दिलं. हुपरीला चांदीच्या कारखान्यात ती पैंजणांच्या कड्या जोडायची. बाकी सगळं यंत्रं करायला लागली होती, पण बारीक नक्षीच्या जोडाला डाग द्यायचा, म्हणजे धातू वितळवून तो सांधायचा, तर माणसाचाच हात लागायचा, आणि तिच्यासारखा हात कारखान्यात दुसरा नव्हता. "बापावर गेलाय हात," असं कुणी म्हटलं की महावीरची छाती फुगायची. कोल्हापूरच्या इतर पोरींसारखी तीही 'मी येतो, मी जातो' म्हणायची आणि गाडीला किक बसली की पाठीमागं वळून बघायची नाही.

तिच्या गाडीचं पासिंग म्हणजे घरचं कार्य. दरवर्षी महावीर आदल्या संध्याकाळी तिचं हँडल काढायचा, पिकवलेलं चढवायचा आणि गाडी स्वतःच केंद्रावर नेऊन आणायचा; हँडलाचं तिला कधी बोलला नाही. दरवर्षी हिरवा दिवा. दरवर्षी येताना फडतऱ्यांच्या दुकानातून मिसळ.

या वर्षीच्या पासिंगनंतर थोड्याच दिवसांनी त्याची बायको पद्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"अवो, पोरीचा हात कापालाय. काल आमटी वाढताना पळी ताटावर वाजत होती."

"दिवसभर डाग देतीय ती. दमत असंल."

"बोलतानाबी जीभ जड झाल्यागत वाटतीया. एकदा डॉक्टरला दाखवू या की."

महावीर हसला. "अगं, आत्ताच पासिंग झालंय तिचं. मशीननं हात बघितलाय. एकदम स्वच्छ. डॉक्टरला दिसत न्हाई ते त्या मशीनला दिसतंय. उगंच काय काळजी करतीस?"

वाईट वाटतं ते हेच, की हे बोलताना तो खोटं बोलत नव्हता. बायकोला थापा मारायचा त्याचा इरादा नव्हता. ते हँडल त्याच्याच हातानं बसवलेलं, तो हात त्याचाच होता, हे त्याला ठाऊक होतं आणि तरी त्या क्षणी त्याला ते आठवलं नाही. इतकी वर्षं इतक्या गाड्यांना हिरवा दिवा लागताना त्यानं बघितला होता, की त्या दिव्यावर त्याचाच विश्वास बसून गेला होता. दुसऱ्यांना दाखवायला उभा केलेला देखावा तो आता स्वतःच बघत होता. पद्माचंही समाधान झालं. यंत्रावर तिचाही विश्वास होता.

चंदनाला वाटायचं, मनगटं खालच्या हँडलमुळं दुखतायत. कारखान्यात तिचे जोड बिघडायला लागले. मालकिणीनं आधी चेष्टेत घेतलं, मग एक दिवस गोडीगुलाबीनं तिला पॅकिंगला बसवलं. त्या दिवशी ती घरी आली ती गॅरेजात अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिली. अण्णांनी तिचं हँडल बोटभर वर करून दिलं. "आता बघ, आठ दिवसांत हात मोकळा होतोय," ते म्हणाले. तिनं मान डोलावली. वडील म्हणतात म्हणजे होणार, यात तिला शंका नव्हती.

हात मोकळा झाला नाही. दिवाळी झाल्यावर हुपरीच्या रस्त्यावर एका वळणाला तिचा ब्रेकवरचा हात वेळेवर वळलाच नाही आणि ती गाडीसकट उसाच्या पाटात गेली. हाड मोडलं नाही, खरचटण्यावर निभावलं. पण दवाखान्यातल्या डॉक्टर शिरोळकरबाईंनी जखमा बघता बघता तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पुन्हा मारली. मग महावीरला जवळ बोलावलं.

"इथं बघा. बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं दिसतंय?"

महावीरनं बघितलं. पितळेची बारीक रिंग बसवल्यासारखं कडं होतं.

"तांबं आहे ते," बाई म्हणाल्या. "आपल्या जेवणात रोज थोडं तांबं असतं. जास्तीचं तांबं यकृत बाहेर टाकतं. हिच्या यकृताला ते जमत नाही. जन्मापासूनच. आईवडील दोघांकडून एकेक खोट आली की हा आजार होतो, तुम्हाला स्वतःला काही होत नाही. ते तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. म्हणून हात, म्हणून जीभ."

"औषध हाय न्हवं?"

"आहे. चांगलं आहे. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, पण लवकर कळलं तर माणूस अगदी धडधाकट जगतो. इथं उशीर झालाय. इथून पुढं बिघडणार नाही, एवढं मी बघेन. गेलेलं किती परत येईल ते मात्र सांगत नाही."

मग त्यांनी चार्टवरून मान वर केली. "पण ही स्वतःची गाडी चालवते ना? दरवर्षी पासिंग होतं की. ही थरथर हातवाचनात पहिल्या झटक्यात सापडते. काय निकाल होता?"

"पास," महावीर म्हणाला.

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग ते यंत्र कुचकामी आहे. एवढी ढोबळ केस सुटते म्हणजे काय! मी सोमवारी वरती लिहिणार. चौकशी होईपर्यंत हातवाचन बंदच ठेवायला हवं. लोक त्याच्यावर विसंबून घरी बसतात."

महावीरला तेव्हा सगळं आठवलं. एकदम नाही. आधी गॅरेजातला तो खिळा आठवला, ज्याला पिकवलेलं हँडल टांगलेलं असायचं. मग स्वतःचे हात.

तो खाटेपाशी गेला तेव्हा चंदना जागी होती. त्याचा चेहरा बघून तिनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात त्याच्या हातावर फडफडत होता.

"अण्णा, रडू नका की," ती अडखळत म्हणाली. "मशीननं दगा दिला. तुम्ही काय करणार? तुम्ही तर एकदाबी पासिंग चुकवलं न्हाई."

त्यानं मान खाली घातली आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. बाहेर भिंतीला टेकून तो उभा राहिला. गप्प बसलं तर काय होणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पोरगी त्याला बाप म्हणून आत्तासारखीच जवळ धरून राहणार. यंत्राला बोल लागणार, हातवाचन बंद पडणार, आणि ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांवर त्यानं स्वतःचा हात चढवून दिला होता ती सगळी पोरं आपण निरोगी आहोत म्हणून हिंडत राहणार. बोललं तर ती वाचतील. पण पोरगी? पोरगी बापापासून तुटणार.

शनिवारी सकाळी त्यानं पडलेल्या गाडीवरून चंदनाचं खरं हँडल उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि हायवेलगतच्या तपासणी केंद्रावर गेला. तिथं यंत्रावर निलोफर मुजावर होती. त्याला ओळखणारी, त्याच्या गाड्यांना हसून हिरवा दिवा दाखवणारी.

"काय अण्णा, आज नुसतं हँडलच? गाडी कुठाय?"

"खोल वाचन लाव की जरा. जुनं सगळं बघायचं हाय."

ताणाच्या खुणा पोलादात एकावर एक बसत जातात, जुन्या खाली आणि नव्या वर. नेहमीच्या तपासणीत फक्त वरचा थर वाचतात. निलोफरनं यंत्र सावकाश फिरवलं आणि पडद्यावर रेघ उमटायला लागली. वरच्या थराला ती दोरखंडासारखी जाड, वेडीवाकडी होती. त्याच्या खालच्याला सुतळीएवढी. आणखी खाली गेलं तशी बारीक होत गेली, पण गेली नाही. अगदी तळाशी, हँडल नवं असतानाच्या थरात, केसाएवढी हलत होती.

"अगं बाई," निलोफर म्हणाली. "हे तर पहिल्याच वर्षी दिसलं असतं. एवढ्यावरबी आम्ही डॉक्टरकडं पाठवतो. कुणाचं हाय हे?"

"चंदनाचं."

"आपल्या चंदनाचं? पण तिची गाडी तर दरवर्षी मीच…" ती बोलता बोलता थांबली. पडद्याकडं बघितलं, मग त्याच्या हातांकडं बघितलं. तिनं यंत्र बंद केलं आणि खुर्चीत बसली.

"तू सोमवारी वरच्या सायबांना सांग," महावीर म्हणाला. "मशीन चुकलं न्हाई म्हणून सांग. माझं नाव घालून सांग. मी सही करतो." त्यानं हँडल पुन्हा पोत्यात गुंडाळलं. "पोरीला मात्र मीच सांगणार. तिला दुसऱ्याकडनं कळायला नको."

दुपारी तो दवाखान्यात पोचला तेव्हा पद्मा चंदनाला भाताची पेज भरवत होती. हनुवटीवर ओघळलेली पेज चंदना टॉवेलनं पुसत होती आणि टॉवेल धरताना तिचा हात गालावर आपटत होता. महावीरनं खुर्ची ओढून घेतली नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. पासिंगचा सेट, पिकवलेलं हँडल, दरवर्षी आदल्या संध्याकाळी काय करायचा ते, आणि सकाळी पडद्यावर काय बघितलं ते. काही लपवलं नाही. पद्माच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती एवढंच म्हणाली. मग वाटी घेऊन ती खोलीबाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

चंदना त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोसला असता. ती हिशेब लावत होती. कारखान्यातला पहिला बिघडलेला जोड कधीचा, पॅकिंगला कधी बसवलं, बोलताना मैत्रिणी कधी हसल्या, ते सगळं ती मागं जाऊन बघत असणार. वेळेवर कळलं असतं तर त्यातलं काहीच झालं नसतं.

"किती जणांना?" तिनं विचारलं. एकेक अक्षर ओढून काढावं लागत होतं.

"लई जणांना."

"नंबर हायेत?"

"फोनमधी हायेत सगळ्यांचे."

तिनं हात पुढं केला. त्यानं फोन दिला. पहिला नंबर राजारामपुरीतल्या विश्वजितचा होता. तिच्याबरोबर गगनबावड्यापर्यंत गाडी घेऊन जाणारा. तिनं फोन कानाला लावला.

"विश्वजित, मी चंदना. तुझ्या गाडीचा… हात…"

"कोण बोलतंय? आवाज तुटालाय," पलीकडून आलं. "रेंज न्हाई वाटतं."

तिनं पुन्हा म्हटलं. त्याला पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज आला आणि विश्वजितनं फोन ठेवून दिला. चंदना फोनकडं बघत राहिली. आपलं बोलणं आता माणसांना समजत नाही, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं असावं. घरच्यांना सवय झाली होती.

महावीरला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तो पुढं झाला, पण तिनं फोन मधे धरला.

"तुम्ही लावा. मी सांगतो तसं म्हणा. एक शब्द बदलायचा न्हाई."

त्यानं नंबर लावला. ती एकेक तुकडा म्हणत गेली आणि तो तिच्या तोंडाकडं बघत तोच तुकडा फोनमधे म्हणत गेला. विश्वजित, मी चंदना. अण्णा बोलतायत, पण बोलणं माझं आहे. तुझ्या गाडीचं पासिंग खोटं होतं. यंत्रानं वाचला तो हात तुझा नव्हता, अण्णांचा होता. उद्या जा आणि स्वतःचा हात तपासून घे.

"काय चेष्टा लावलीया अण्णा?" विश्वजित हसत म्हणाला. "काय झालंय काय?"

चंदना म्हणाली, "मी आजारी हाय. अण्णांमुळं मला उशीर झाला."

महावीरनं फोनमधे सांगितलं, "ती आजारी हाय. माझ्यामुळं तिला उशीर झाला."

"न्हाई." तिनं खाटेच्या कडेवर हात आपटला. "मी म्हटलं तसं."

त्यानं डोळे मिटले. "मी आजारी हाय," तो म्हणाला. "अण्णांमुळं मला उशीर झाला."

विश्वजितनं हळूच विचारलं, "चंदना तिथं हाय काय?" महावीरनं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

तो तिच्याकडं बघत राहिला. एखादा शब्द येईल, निदान मनगट तरी धरेल, म्हणून वाट बघत राहिला. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं.

"पुढचा," ती म्हणाली.

त्यानं पुढचा नंबर लावला. तिकडून मोठ्यानं, आनंदानं आवाज आला, "बोला अण्णा! तुमचीच आठवण काढली होती बघा. गाडी कधी आणू पासिंगला?"

चंदनानं पहिला तुकडा म्हटला. महावीरनं तो तसाच्या तसा म्हटला.